१७.५० मीटर म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये किती, साहेब?

मा. मंत्रिमहोदय,

स.न.वि.वि.

गेल्या वर्षी पूर ओसरल्यावर आपण बदलापूर पश्चिमेला आला होतात. पुढच्या पावसाळ्याआधी नदीकाठच्या गल्ल्यांत विजेच्या खांबांवर पूरखुणा रंगवून मिळतील आणि पाणी चढायच्या आत मोबाइलवर इशारा येईल, असा शब्द दिला होतात. यंदा खांब कोरेच राहिले. इशारा मात्र आला, नाही असं नाही. तो आला तेव्हा स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या पार्किंगमधल्या, स्कूटरच्या सीटला पाणी लागलं होतं. उल्हास नदीने १७.५० मीटरची धोका पातळी ओलांडली आहे, सतर्क राहावे. राहिलो सतर्क, जिन्यात बसून.

आता हे १७.५० कुठून मोजायचं? हा आकडा नदीवरच्या मोजपट्टीचा. आमच्या गटाराच्या झाकणापासून तो किती वर, किती खाली, हे आपल्या खात्यातल्या अभियंत्याला ठाऊक असेल. रमेशवाडीतल्या, हेंद्रेपाड्यातल्या माणसाला कसं कळणार? म्हणून तर खुणा मागितल्या होत्या. लेव्हलिंगची, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची, दुर्बीण घेऊन दोन माणसं चार दिवस फिरली की काम झालं. प्रत्येक खांबावर एकच ओळ: नदी १६.५०ला, म्हणजे इशारा पातळीला असताना इथे पाणी इतकं, १७.५०ला इतकं. यासाठी निविदा लागते, समिती लागते आणि बहुतेक परदेश दौराही लागतो.

तासभर आधी कळलं तर काय होतं तेही सांगतो, कारण पंचनाम्यात याचा रकाना नसतो. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच बंद करता येतो. नाही तर खड्ड्यातले बफर, पुली आणि वायरिंग गाळात जातं आणि लिफ्ट महिनाभर उभी राहते. जमिनीखालच्या टाकीचं झाकण प्लास्टिक आणि मातीच्या गोण्यांनी दाबता येतं. ते राहिलं तर गटाराचं पाणी टाकीत. मग टाकी उपसा, गाळ काढा, भिंती घासा, पुन्हा भरा, वीस हजार लिटरला तीन-चार किलो ब्लीचिंग पावडर कालवून रात्रभर ठेवा, सगळं सोडून द्या आणि पुन्हा भरा. एवढं पाणी कुठून आणायचं? टँकरने, आमच्या पैशाने. मीटरची पेटी तर बिल्डरने कमरेच्या उंचीवरच बसवलेली. ती वर घ्यायला अर्ज केला की उत्तर येतं, जागेची पाहणी होईल.

दर पावसाळ्यात एक अफवा ठरलेली: बारवी धरणाचे दरवाजे उघडले! बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूरच्या खाली. आम्हाला बुडवतो तो कर्जत-नेरळकडचा आणि घाटमाथ्यावरचा पाऊस, काही तासांत उतरून येणारा. त्यात नदी चढली की नाले उलटे वाहतात. पाणी आधी काठावरून येतच नाही, गटारातून येतं. नाल्याच्या तोंडाशी झडप हवी आणि झडपेत प्लास्टिक अडकू नये म्हणून तिच्या आतल्या बाजूला, वस्तीकडे, जाळी. ही काही चंद्रावर जायची विद्या नाही.

आणि ही नदी आमची वैरीण नाही, हेही लिहून ठेवा. उन्हाळ्यात बाकीच्या नद्या आटतात तेव्हा उल्हास वाहते, कारण १९२२पासून भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून ठोकरवाडी धरणाचं पाणी तिच्यात उतरतं. घाटावर भीमेकडे जाणारं पाणी आम्ही बदलापुरात पितो. घोडे बदलायचा मुक्काम म्हणून बदलापूर, असं जुने लोक सांगतात. १८५६ला खोपोलीपर्यंत रेल्वे गेली आणि घोडे संपले. गाव तरी शहाणं होतं. घरं उंचावर, खाली भातखाचरं. पूर खाचरात येई, गाळ टाकून जाई. १९८३ला आम्हाला कल्याणच्या महापालिकेत घातलं, १९९२ला बाहेर काढलं, आणि मुंबईत घर न परवडणारा जो तो ६८ किलोमीटरवरच्या या स्टेशनवर उतरू लागला. २००१ला लोकवस्ती लाखाच्या आत, २०११ला पावणेदोन लाख. आता चार म्हणा, पाच म्हणा, मोजलंय कुणी? ती माणसं राहिली कुठे? त्याच खाचरांत, भराव टाकून.

तिथे बांधकामाला परवानगी दिली कुणी? आम्ही? मुद्रांक शुल्क घेतलंत, भोगवटा दाखला दिलात, घरपट्टी घेता. आणि मग नकाशावर रेघा ओढल्यात. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकामाला बंदी, दोघींच्या मध्ये निर्बंध. रेघा असाव्यात, त्याबद्दल तक्रार नाही. पण तळमजला अधिक तीनची गळकी इमारत आता पाडून बांधणंही अवघड आणि विकणंही अवघड. पूर आमच्या वाट्याला, रेघही आमच्या वाट्याला. सही करणारा बढती घेऊन गेला.

२७ जुलै २०१९ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवासी होते. नौदल आलं, हेलिकॉप्टरं आली, चांगलंच झालं. त्याच पाण्यात आमच्या गल्ल्याही होत्या. गल्लीला नंबर नसतो, एक्सप्रेसला असतो. या राज्यात वाचायचं तर बातमी व्हावं लागतं, हे आम्ही तेव्हाच शिकलो. रस्ता, रेल्वे, नदी, नगररचना, प्रत्येकाचं खातं वेगळं, आणि पाणी मात्र एकच.

तेव्हा एवढंच करा. आमच्या प्रत्येक खांबाची उंची नदीच्या मोजपट्टीशी जुळवून आकड्यांचा एक कागद पाठवा. रंगाचा डबा आणि ब्रश आम्ही आणतो. उद्घाटनाला आपण यावं, पण १६.५०च्या आत.

आपले,
नदीकाठच्या सोसायट्यांतले करदाते, बदलापूर (पश्चिम)