बँकेतून बाहेर काय जाते, तेही विचारा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘बँका पैसे मोजून हॅकर का बोलावतात?’ असा एका वाचकाचा सवाल याच सदरात वाचला. मी तेच काम करते. बँका आणि पतसंस्थांच्या लेखी परवानगीने त्यांच्या यंत्रणेत शिरून दाखवते.

पत्रलेखकांची समजूत अशी दिसते की, आम्ही बाहेर बसून आतल्या संगणकाला हुकूम सोडतो. घडते उलटे. बाहेरून आलेले कनेक्शन फायरवॉल अडवते, म्हणून आत ठेवलेला छोटा प्रोग्रॅम, म्हणजे एजंट, स्वतःच बाहेर हाक मारतो. ठरल्या वेळी जागा होतो, 443 पोर्टवरून एखादी वेबसाइट उघडावी तशी आमच्या कंट्रोल सर्व्हरकडे काम आहे का विचारतो, असेल ते करतो, निकाल पाठवतो आणि पुन्हा झोपतो. कोबाल्ट स्ट्राइक या विकत मिळणाऱ्या साधनात ही झोप मुळात 60 सेकंदांची असते. हाकांची ठरावीक लय लक्षात येऊ नये म्हणून ती कमीजास्त करता येते. आम्ही कधी काही तासांचीही ठेवतो. वेबचा रस्ता बंद असेल तर डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी व्यवस्था, आहेच. पत्ता विचारण्याच्या निमित्ताने त्या नावातच माहिती कोंबून पाठवायची. 2020 साली उघड झालेल्या, सोलरविंड्स या अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेल्या हल्ल्यातला घुसखोर कोड सुमारे दोन आठवडे गप्प राहून मग डीएनएसवरूनच पहिली हाक मारत असे.

चोरही हीच साधने वापरतात, हे खरे. कोबाल्ट स्ट्राइकच्या चोरट्या प्रतींचे 593 आयपी पत्ते जून 2024 मध्ये ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीच्या पुढाकाराने आणि युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेच्या समन्वयाने बंद करण्यात आले. आमच्यात आणि त्यांच्यात फरक कागदाचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 43 मालकाच्या परवानगीवरच उभे आहे. आमच्या सर्व्हरचा पत्ता आणि एजंट आपोआप बंद पडण्याची तारीख बँकेतल्या एका अधिकाऱ्याकडे आधीच दिलेली असते. बाकी कुणाला सांगत नाही, नाहीतर चाचणी कसली?

2018 मध्ये कॉसमॉस बँकेतून 94 कोटी रुपये गेल्यापासून फायरवॉलच्या खर्चाला संचालक फारसे कुरकुरत नाहीत. पण अहवाल वाचताना प्रश्न एकच, ‘आत येताना किती अडवले?’ बाहेर जायला मात्र काउंटरवरच्या संगणकालाही सारे जग मोकळे. एका सहकारी बँकेत प्रिंटरचा सर्व्हर शनिवार-रविवारभर एका अनोळखी डोमेनशी बोलत होता. तो आमचाच एजंट होता, पण सोमवारीही कुणी विचारले नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे 180 दिवसांचे लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, नीट ठेवलेले होते, उघडून मात्र कुणी पाहिले नव्हते. घटना सहा तासांत कळवायची, हा नियमही त्याच निर्देशांतला. पण ते सहा तास सुरू होतात घटना लक्षात आल्यावर!

सहकारी बँकांच्या सभासदांनी वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हेही विचारावे : चाचणीतला एजंट किती वेळ बाहेर बोलत राहिला आणि तो प्रथम कुणाला दिसला? उत्तर आमच्या अहवालात लिहिलेले असते. लाल-हिरव्या रंगांचा तक्ता पहिल्या पानावर असतो, त्याच्या बरेच मागे.

आपली,
एक वाचक, पुणे
(कामाच्या करारामुळे नाव छापू नये, ही विनंती.)