‘शिरी’च्या आदल्या वर्षीचा तो स्टुडिओ

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कोरियन चित्रपटांवरचा लेख आवडला. कोरियात ‘टायटॅनिक’लाही मागे टाकणाऱ्या १९९९ च्या ‘शिरी’ला त्यात भरभरून जागा आहे; पण आदल्याच वर्षीच्या ‘ख्रिसमस इन ऑगस्ट’चा साधा उल्लेखही नाही, याची चुटपुट लागली.

मी पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. हुर जिन-हो यांच्या या चित्रपटाचा नायकही स्टुडिओवालाच. आजार बरा होणारा नाही, हे त्याला ठाऊक आहे. घरच्यांसोबत फोटो काढून गेलेल्या आजीबाई नंतर एकट्याच परत येतात, ठेवणीतला हानबोक, म्हणजे पारंपरिक कोरियन पोशाख घालून. आपल्यामागे राहणारा फोटो त्यांना चांगला हवा असतो. अशा आजी माझ्याकडेही यायच्या, इस्त्रीचं नऊवारी नेसून. पदर सारखा करायला मी बायकोला हाक मारायचो.

आणि तो व्हीसीआरचा प्रसंग! वडिलांना यंत्र जमत नाही, म्हणून मुलगा एकेक पायरी कागदावर लिहून ठेवतो. तिथे मला पुढचं दिसेना.

गुन्सान शहरातला चित्रपटातला तो ‘चोवोन’ स्टुडिओ लोक आजही बघायला जातात. पुढच्या लेखात त्याला एक परिच्छेद तरी द्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त छायाचित्रकार, सांगली