सपाट षटकोनामागची शास्त्रज्ञ

संपादक महोदय,

बेंझीनच्या रेणूतील सहा कार्बनांचा षटकोन फळ्यावर काढला की ही कड्यासारखी रचना सुचवणाऱ्या केक्युलेचे नाव निघतेच. तो षटकोन खरोखर सपाट असतो, हे क्ष-किरणांनी दाखवणाऱ्या कॅथलीन लॉन्सडेल मात्र राहून जातात. बेंझीन ५.५ अंश सेल्सिअसला गोठते, म्हणजे नेहमीच्या तापमानाला स्फटिक मिळतच नाही. क्ष-किरणांनी रचना काढायला तर स्फटिक हवाच. म्हणून त्यांनी इंग्लंडमधील लीड्सला हेक्झामिथिलबेंझीनचे, म्हणजे बेंझीनच्याच कड्याला सहा मिथिल गट जोडलेल्या संयुगाचे, स्फटिक घेतले. निवड अचूक होती : त्याच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या लहानात लहान घटकात एकच रेणू असतो. साहजिकच सगळे रेणू एकाच दिशेने मांडलेले, आणि स्फटिकातून विखुरलेल्या क्ष-किरणांच्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून एका रेणूचा आकार काढता येतो. हिऱ्यासारखे वरखाली वाकलेले कडे असेल, हा तर्क १९२९च्या त्यांच्या निबंधाने निकालात काढला. कड्यातील कार्बन-कार्बन अंतर सुमारे १.४२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) निघाले. आणि ही सगळी आकडेमोड हातानेच, संगणकाशिवाय!

क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या असलेल्या लॉन्सडेल युद्धविरोधी होत्या. महायुद्धात नागरी संरक्षणासाठी नाव नोंदवायला त्यांनी नकार दिला. मुले लहान असल्याने त्यांना सूट मिळालीच असती, पण नोंदणीच मान्य नव्हती. दोन पौंडांचा दंडही भरला नाही, तेव्हा १९४३मध्ये हॉलोवे तुरुंगात महिनाभर ठेवले. तिथले हाल पाहून त्या पुढे तुरुंग सुधारणेच्या कामात पडल्या. दोनच वर्षांनी, १९४५ला, ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने प्रथमच स्त्रियांना फेलो केले; निवडलेल्या दोघींपैकी एक लॉन्सडेल, दुसऱ्या जीवरसायनशास्त्रज्ञ मार्जरी स्टीफनसन.

अकरावीच्या पुस्तकात यांच्यासाठी दोन ओळी तरी हव्यात.

– रसायनशास्त्राचा एक शिक्षक, सांगली