अमेरिकेत नर्सिंगची वाट दाखवणाऱ्या ताईंना अनावृत आभारपत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

बारा तासांची पाळी संपवून घरी गेल्यावरही तुम्ही आमचे फोन घेतलेत. महाराष्ट्रात बीकॉम, बीएस्सी किंवा इंजिनिअरिंग करून अमेरिकेत आलेल्या आणि इथे नर्स होऊ पाहणाऱ्या कितीतरी जणींना तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितलीत: अॅक्सिलरेटेड बीएसएन (आधीच पदवी असलेल्यांसाठीची नर्सिंगची जलद पदवी) १२ ते १८ महिन्यांत होते, पण हे महिने वर्गात बसल्यापासून मोजायचे. त्याआधीची तयारी उलटसुलट झाली, तर तिच्यातच वर्ष-दोन वर्षं जातात. तुम्ही आम्हाला कामांचा क्रम दिलात. त्याबद्दल मनापासून आभार, आणि तो इतरांच्याही हाती पडावा म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

कॉलेजचा अर्ज बाजूला ठेवून आधी गुणपत्रिकांचं अमेरिकन शिक्षणाशी ताडून मूल्यांकन करून घ्या, हा तुमचा पहिला आग्रह. हा अभ्यासक्रम पदवीधरांसाठीच असतो आणि आपली पदवी बहुधा तीन वर्षांची. असं मूल्यांकन करणारी डब्ल्यूईएससारखी संस्था कॉलेजची नॅक श्रेणी (भारतातल्या कॉलेजांना मिळणारी दर्जाची श्रेणी) आणि आपला वर्ग पाहून ती अमेरिकन पदवीच्या बरोबरीची धरू शकते. दुसरी संस्था तिलाच ‘तीन वर्षांचं शिक्षण’ म्हणते, आणि मग प्रवेशाचा दरवाजाच बंद होतो. म्हणून कॉलेजला कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो हे आधी विचारायचं आणि अहवाल विषयवार मागवायचा. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट जावी लागते, त्यामुळे तिकडे पाठपुरावा करणारं घरचं माणूस हवं.

नावाचा घोळ तर खास आपलाच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि पासपोर्टवर सासरचं आडनाव व नवऱ्याचं नाव. मूल्यांकन, कॉलेज, नर्सिंग बोर्ड (राज्याची लायसन्स देणारी संस्था) आणि लायसन्सच्या परीक्षेचं केंद्र या चारही ठिकाणी एकच नाव लागावं म्हणून विवाह नोंदणीचा दाखला पहिल्याच दिवशी जोडायला तुम्ही सांगितलंत. परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही, तर दारातूनच परत पाठवतात.

पूर्वअटीचे विषय, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय, ही सर्वांत लांब पायरी. अॅनाटॉमी-फिजिओलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायोलॉजी, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, मानवी विकासाचं मानसशास्त्र, बहुतेक ठिकाणी पोषणशास्त्रही. अॅनाटॉमीचा पहिला भाग झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, म्हणून कितीही घाई केली तरी सत्रं लागतातच. हे विषय कम्युनिटी कॉलेजात घेतले तर बरेच स्वस्त पडतात. पण विज्ञानाचे विषय अनेक कॉलेजं ठरावीक वर्षांपर्यंतच ग्राह्य धरतात, आणि ऑनलाइन लॅब काहींना चालते, काहींना नाही. पाच कॉलेजांच्या अटींचा एक तक्ता करून त्यातली सर्वांत कडक अट पाळायची, ही तुमची युक्ती फार कामाची. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने तुम्ही घालायला लावलेत: सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थांची मान्यता, आणि पहिल्याच प्रयत्नात एनक्लेक्स (नर्सच्या लायसन्सची परीक्षा) उत्तीर्ण होणाऱ्यांचं प्रमाण. ‘कॉलेजची जाहिरात वाचू नका, हा आकडा वाचा,’ हे तुमचं म्हणणं आम्हाला शंभर टक्के पटतं.

टीज या नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेत १७० प्रश्न आणि २०९ मिनिटं. विज्ञानाच्या ५० प्रश्नांना ६० मिनिटं मिळतात आणि आपल्याकडच्या मुली तिथे तरतात. अडतं ते इंग्रजी भाषेच्या ३७ प्रश्नांना ३७ मिनिटं पुरवताना. सराव तिथेच वाढवायचा.

लसींबद्दल तुम्ही वेळेवर सांगितलं नसतं, तर क्लिनिकल (रुग्णालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण) सुरू होण्याआधीच अडकायला झालं असतं. हिपॅटायटिस बीचे नेहमीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांना. त्यानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मिलिलिटरला १० मिली-युनिट किंवा त्याहून जास्त दिसायला हवीत. म्हणजे हे काम प्रवेशपत्र आल्यावर सुरू करून चालतच नाही. क्षयाच्या त्वचाचाचणीचंही तसंच. आपल्याला जन्मतः बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे चाचणीच्या जागी, हाताच्या पुढच्या भागावर, गाठ येऊन चाचणी उगाच पॉझिटिव्ह ठरू शकते आणि मग छातीचा एक्स-रे, पुन्हा कागदपत्रं. रक्तातली इग्रा चाचणी बीसीजीमुळे फसत नाही, तीच मागायची. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस घेतली असेल, तर क्षयाची चाचणी त्याच दिवशी तरी करायची, नाहीतर चार आठवड्यांनी.

व्हिसाबाबत तुम्ही गोड बोलला नाहीत, याचंही मोल मोठं आहे. एच-४वर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) शिकता येतं, पण कामाच्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर १२ महिन्यांची ओपीटी (आपल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी) मिळते, नर्सिंगला स्टेमची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना मिळणारी, वाढीव मुदत नाही, आणि त्या १२ महिन्यांत ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. लायसन्सला उशीर झाला तर हेच दिवस खर्ची पडतात. फी भरण्याआधी हे माहीत असणं आणि भरल्यावर कळणं, यात घरादाराच्या बचतीचा प्रश्न असतो.

आता अभ्यासाबद्दल. औषधमात्रेच्या परीक्षेत कॉलेजं ९० ते १०० टक्के मागतात आणि संधी मोजक्याच देतात. तुम्ही शिकवलेलं हेपॅरिनचं (रक्त गोठू न देणारं औषध) उदाहरण आम्ही पुढच्या प्रत्येकीला देतो. रुग्णाचं वजन १५४ पौंड, ऑर्डर ताशी किलोमागे १८ युनिट, पिशवीत २५० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट. १५४ भागिले २.२ म्हणजे ७० किलो. ७० गुणिले १८ म्हणजे ताशी १,२६० युनिट. पिशवीत मिलिलिटरला १०० युनिट, म्हणून पंप ताशी १२.६ मिलिलिटरवर. घाईत भागण्याऐवजी गुणलं, तर वजन ३३८.८ किलो येतं आणि मात्रा जवळजवळ पाचपट होते. म्हणून प्रत्येक पायरीला एकक लिहायचं आणि ‘एवढं वजन माणसाचं असतं का?’ हे स्वतःला विचारायचं. शून्य दशांशाच्या आधी लिहायचं, ०.५. मागे कधीच नाही, कारण ५.० मधला ठिपका पुसट असला की ५० वाचलं जातं.

औषधांच्या नावांची तुमची छोटी यादी अजून आमच्या वहीत चिकटवलेली आहे. पॅरासिटामॉल इथे अॅसिटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, अॅड्रिनालिन म्हणजे एपिनेफ्रिन. तारखेत महिना आधी लिहितात, म्हणून ४/७ म्हणजे ७ एप्रिल, हेही त्याच पानावर.

आणि प्रश्न वाचण्याची पद्धत. आपण पाठांतरावर वाढलो. इथे चारही पर्याय बरोबर वाटतात आणि विचारतात, ‘आधी कोणाकडे जाल?’ शस्त्रक्रियेनंतर वेदना दहापैकी सात असलेला, घरी जाण्याआधी इन्सुलिन शिकायचं राहिलेला, मलमपट्टीची वेळ झालेला, आणि फ्युरोसेमाइडवर (लघवी वाढवणारं औषध) असून पोटॅशियम २.८ आलेला. कळवळा पहिल्याचा येतो, पण आधी चौथ्याकडे जायचं, कारण ३.५ ते ५ च्या बरंच खाली गेलेलं पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं. उत्तर चुकलं की योग्य उत्तर पाठ न करता, आपण कोणत्या शब्दापाशी वाट सोडली ते एका ओळीत लिहायला तुम्ही सांगितलंत. गुण वाढतात ते या वहीमुळे. सहाय्यकाला काय सोपवायचं हेही तुम्ही असंच बसवलंत: आंघोळ, स्थिर रुग्णाचा रक्तदाब, जेवण भरवणं चालेल. रुग्णाला तपासून त्याची स्थिती ठरवणं, शिकवणं आणि परिणाम जोखणं हे नर्सनेच करायचं.

एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्स बदलली. आता किमान ८५, कमाल १५० प्रश्न, पाच तास, आणि एकाच रुग्णावर सहा-सहा प्रश्नांच्या केस स्टडी. ८५ला संगणक बंद पडला म्हणजे नापास, ही भीती तुम्ही काढलीत: निकालाची ९५ टक्के खात्री झाली की यंत्र थांबतं, मग निकाल कोणताही असो. नापास झालं तरी ४५ दिवसांनी पुन्हा बसता येतं, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंत. त्यामुळे परीक्षा देताना हात थरथरत नाही.

ताई, यातलं काही तुमच्या नोकरीचा भाग नव्हतं. या मदतीचे पैसे तुम्ही कधी घेतले नाहीत. नवीन कोणी विचारलं की आम्ही आता तोच तक्ता पाठवतो, लसींच्या तारखा सर्वांत वर लिहून.

आपल्या ऋणी,
तुमच्या मार्गदर्शनाने नर्स झालेल्या आणि होऊ घातलेल्या मैत्रिणी