साडेचार मीटरची भरती म्हणजे साडेचार मीटरची लाट नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की वर्तमानपत्रांत एक यादी छापून येते. जून ते सप्टेंबर या काळात मुंबईच्या समुद्राला साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती कोणकोणत्या दिवशी येणार, याची ती यादी. यादी उपयोगाची आहे. पण तिच्यावरचा मथळा बहुतेक वेळा असा असतो : ‘समुद्रात ४.८ मीटर उंच लाटा उसळणार’. हे साफ चूक आहे आणि वर्षानुवर्षे तेच छापले गेल्याने वाचकांनाही ते खरे वाटू लागले आहे.

४.८ मीटर हा आकडा लाटेचा नाही, पाण्याच्या पातळीचा आहे. वारा पूर्ण पडलेला असो, समुद्र आरशासारखा शांत असो, त्या दिवशी पाणी तेवढे चढणारच. ही पातळी मोजतात ती सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे मोठ्यात मोठ्या ओहोटीला पाणी जिथवर उतरते साधारण तिथून. जहाजाच्या तळाखाली किती पाणी उरेल हे खलाशाला कळावे म्हणून शून्य इतके खाली धरलेले आहे. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर येते. म्हणजे ४.८ मीटरच्या भरतीला पाणी सरासरीपेक्षा चढते सव्वादोन मीटरच्या आसपास.

इथेच दुसरी गफलत होते. रस्त्याची किंवा इमारतीची उंची आपण ‘समुद्रसपाटीपासून’ सांगतो. ते शून्य निराळे. भारतीय सर्वेक्षण विभागाने १९०९ मध्ये कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोची, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट या नऊ बंदरांच्या सरासरी पातळीवरून ते ठरवले. समुद्रसपाटीपासून तीन मीटरवर असलेला रस्ता मुंबईच्या सागरी नकाशाच्या शून्यापासून ढोबळमानाने साडेपाच मीटरवर असतो. तीन आणि ४.८ हे आकडे शेजारी ठेवून ‘रस्ता पावणेदोन मीटर पाण्याखाली जाणार’ असा हिशेब करणे म्हणजे दोन वेगळ्या पट्ट्यांनी एकच कापड मोजणे.

हा आकडा येतो कुठून, हेही सांगायला हवे, कारण त्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांची मेहनत आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर भरतीमापक बसला १८७८ मध्ये. हिंदी महासागराच्या काठावरच्या सर्वांत जुन्या, दीर्घ नोंदींपैकी ही एक. त्याआधी ब्रिटिश लष्कराच्या अभियंता दलाचे (रॉयल इंजिनिअर्स) ए. डब्ल्यू. बेअर्ड यांनी कच्छच्या आखातात भरतीमापक चालवून या कामाची घडी बसवली होती.

जुन्या मापकाची रचना साधी होती. धक्क्याला लागून एक उभी विहीर किंवा मोठी नळी. तिच्या तळाशी, मोठ्यात मोठ्या ओहोटीलाही बुडालेले राहील असे एक लहान भोक, व्यास नळीच्या दहाव्या हिश्श्याएवढा. भोक लहान असल्याने काही सेकंदांनी येणारी लाट आत पोचेपर्यंत विरते, पण तासातासाने चढणारे पाणी बरोबर आत येते. म्हणजे हे उपकरण लाट गाळून टाकण्यासाठीच बनवलेले आहे, आणि त्याच्या नोंदींतून निघालेल्या आकड्याला आपण लाट म्हणतो! आत एक तरंगता फ्लोट, त्याची तार कप्पीवरून जाऊन पेन्सिलीला, दुसऱ्या टोकाला वजन. घड्याळाच्या यंत्रावर सावकाश फिरणाऱ्या पिंपाला गुंडाळलेल्या कागदावर पेन्सिल रेघ ओढत जाते.

बिघडते ते बहुधा तीन जागी. भोकात गाळ बसतो किंवा शिंपले-कालवे वाढतात. मग पाणी आत उशिरा येते, भरती खऱ्यापेक्षा कमी आणि ओहोटी खऱ्यापेक्षा उथळ दिसते, वेळाही मागे पडतात. दुसरी जागा घड्याळाची. चार मीटरच्या चढउतारात मधल्या तासांना पाणी ताशी सुमारे एक मीटर वेगाने चढते. घड्याळ दहा मिनिटे चुकले तर त्या वेळची नोंद सतरा सेंटिमीटर चुकते, पण ऐन भरतीच्या माथ्यावर उंचीत काहीच फरक दिसत नाही. त्यामुळे फक्त माथ्याची उंची तपासणाऱ्याला ही चूक सापडत नाही. तिसरी जागा म्हणजे खुद्द धक्का. तो मिलिमीटर-मिलिमीटरने खचला तर समुद्र चढल्याचा भास होतो. म्हणून जमिनीवर घट्ट बसवलेल्या खुणांपासून मापकाचे शून्य पुन्हा पुन्हा पातळीयंत्राने पडताळावे लागते.

तपासणीची जुनी रीत आजही तितकीच खरी आहे. भरतीपासून भरतीपर्यंत, म्हणजे साडेबारा तास, दर पंधरा मिनिटांनी धक्क्यावरच्या पट्टीवरचे वाचन आणि मापकाचे वाचन लिहायचे. दोन्हींतला फरक आडव्या अक्षावर आणि पाण्याची पातळी उभ्या अक्षावर मांडायची. बिंदू शून्यावर सरळ उभ्या रेषेत आले तर मापक ठीक. रेषा उभी पण बाजूला सरकलेली असेल तर शून्य चुकले. तिरपी असेल तर मापाचे प्रमाण चुकले. आणि चढतीचे व उतरतीचे बिंदू वेगळे पडून मधे फुगीर कडे तयार झाले, तर भोक बुजले आहे, घड्याळ चुकले आहे किंवा कप्पी अडकते आहे.

या नोंदींतून पुढच्या वर्षीची भरती काढायची म्हणजे रेघ सोडवून तिचे घटक वेगळे करायचे. ही रीत विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६० च्या दशकात मांडली आणि जॉर्ज डार्विन यांनी १८८३ मध्ये तिला नीट रूप दिले. चंद्राचा मुख्य घटक १२ तास २५ मिनिटांचा, मुंबईत त्याची झेप सरासरीच्या वर-खाली सव्वा मीटरच्या आसपास. सूर्याचा बरोबर १२ तासांचा, झेप सुमारे अर्धा मीटर. दोघे एकत्र आले की उधाण, म्हणजे मोठी भरती; एकमेकांविरुद्ध गेले की भांग, म्हणजे लहान भरती. शिवाय दिवसातून एकदाच येणारे घटक असतात. त्यांच्यामुळे एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. चंद्राच्या कक्षेच्या १८.६ वर्षांच्या फेऱ्यामुळे मुख्य घटकाची झेपही चार-पाच सेंटिमीटर कमी-जास्त होत राहते.

हे सगळे हाताने बेरजेत धरणे अवघड, म्हणून भारतातील बंदरांसाठी १८७९ मध्ये लंडनमध्ये एक खास यंत्र तयार झाले. एडवर्ड रॉबर्ट्स यांनी त्याची आखणी केली. वीस घटकांसाठी वीस कप्प्या, प्रत्येक आपापल्या गतीने वर-खाली होणारी, आणि सगळ्यांवरून गेलेली एकच तार. तारेचे टोक कागदावर येणाऱ्या वर्षाची भरती-ओहोटी रेखाटत असे. आज तेच गणित संगणक करतो.

कोकणातल्या जुन्या हिशेबाची इथे आठवण होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबईला पौर्णिमा-अमावास्येची भरती बाराच्या सुमारास येते, म्हणून हा हिशेब जमतो. त्यात पाऊण तास धरला आहे, पण तीस तिथींत चोवीस तास वाटले तर प्रत्येकीला ४८ मिनिटे येतात. तीन मिनिटांची ही तूट साठत जाऊन पंधराव्या तिथीला पाऊण तास होते आणि पौर्णिमेला उत्तर बाराऐवजी सव्वाअकरा येते. रोजचा उशीरही सारखा नसतो. उधाणात तो ३५ ते ४० मिनिटे, भांगात सव्वा तासाच्या पुढे. होडी काढण्यापुरता हा हिशेब उत्तम आहे, पण उदंचन केंद्र, म्हणजे पावसाचे पाणी पंपाने उपसणारे केंद्र, चालवायला पुरणार नाही.

आता साडेचार मीटरचे महत्त्व. शहराच्या पर्जन्यवाहिन्यांची अनेक तोंडे भरतीच्या पातळीखाली आहेत. पाणी बाहेर चढले की आतले पाणी आपोआप उतरत नाही, पंपाने उपसावे लागते. पण नुसत्या माथ्याची वेळ छापून हे कळत नाही. समजा ओहोटी ०.८ मीटर आणि भरती ४.८ मीटर. खलाशांचा बाराव्या हिश्श्याचा नियम लावा : सहा तासांत पाणी अनुक्रमे एक, दोन, तीन, तीन, दोन, एक हिस्से चढते. म्हणजे चौथ्या तासाअखेर ते ३.८ मीटरवर पोचते आणि माथ्याच्या आधी दोन, नंतर दोन, असे चार तास त्याच्यावर राहते. धोका आहे तो या चार तासांत पडणाऱ्या पावसाचा. २६ जुलै २००५ ला भरती होती ४.४८ मीटर. म्हणजे साडेचार मीटरच्या यादीत तो दिवस बसलाही नसता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दुपारची भरती त्यात आली.

भरतीच्या तक्त्यात हवामान धरलेले नसते, हेही लक्षात ठेवावे. हवेचा दाब एक हेक्टापास्कल घटला की पाणी जवळपास एक सेंटिमीटर फुगते, आणि वादळी वारा किनाऱ्याकडे वाहू लागला तर त्याहून बरेच जास्त.

खरी लाट हा पूर्ण वेगळा अंदाज आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था तो देते. त्यातला आकडा सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असतो. ‘तीन मीटर’ असा इशारा असेल तर अधूनमधून पाच मीटरच्या पुढची लाटही येऊ शकते. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर किंवा खडकावर उभ्या असलेल्या माणसाला हा आकडा हवा असतो, आणि नेमका तोच छापला जात नाही. भरती मोठी आणि लाटही मोठी, तर पाणी कठड्यावरून येते. भरती मोठी पण समुद्र शांत, तर गटारे तुंबतात. ओहोटी आणि मोठी लाट असली तर उघड्या पडलेल्या निसरड्या खडकांवर माणसे वाहून जातात.

मुंबईचा आकडा रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याला लावू नये, ही आणखी एक विनंती. दक्षिणेकडे चढउतार कमी होत जातो, मुरगावला तो मुंबईच्या निम्म्याच्या आसपास असतो आणि भरतीही आधी येते. उलट ठाण्याच्या खाडीत ती उशिरा पोचते.

आपल्या दैनिकात रोज चार ओळींची चौकट द्यावी, अशी सूचना आहे. नमुन्यादाखल :

अपोलो बंदर, पाण्याची पातळी (नकाशाच्या शून्यापासून)
भरती : दु. १.१० वा., ४.८ मी. / ओहोटी : सायं. ७.२० वा., ०.८ मी.
पाणी ३.८ मी. च्या वर : स. ११.१० ते दु. ३.१०
लाटांचा अंदाज (वेगळा) : २.५ ते ३ मी.

कळावे,
भरती-ओहोटीच्या नोंदींचा एक अभ्यासक, मुंबई