1112 पासून 6174 पर्यंत

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

"बाबा, 6174 ही शुद्ध थाप आहे, 1112 घेतलं की शून्य येतं," हा तुझा मेसेज वाचला. गोष्ट अशी: कुठलीही चार अंकी संख्या घे, तिचे अंक उतरत्या क्रमाने लाव, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा कर, उत्तरावर पुन्हा तेच करत राहा, की शेवटी 6174 येतं. ही रीत गणिती काप्रेकर यांची. फोनवर वजाबाक्या सांगत बसण्यापेक्षा लिहिलेलं बरं.

2111 मधून 1112 वजा केलेस, 999 आले आणि तिथे तू सुरुवातीचं शून्य सोडून दिलंस, म्हणून 999 − 999 = 0 झालं. काप्रेकरांच्या रीतीत चारही घरं भरलेली ठेवायची असतात, म्हणजे 0999. आता अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लाव: 9990 − 0999 = 8991. मग 9981 − 1899 = 8082, 8820 − 0288 = 8532, 8532 − 2358 = 6174. पुढे 7641 − 1467 केलंस तरी 6174 च. 3333 सारख्या, चारही अंक एकच असलेल्या संख्या तेवढ्या वगळायच्या. बाकी कुठूनही निघ, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच पोचशील.

पण असं का होतं, हे तू विचारलंच नाहीस!

उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड धर. वजाबाकीचं उत्तर येतं 999 × (अ − ड) + 90 × (ब − क). दोन्ही तुकड्यांना 9 ने भाग जातो. आमच्या पतसंस्थेत तेरीज, म्हणजे जमा आणि नावे बाजूंची बेरीज, जुळली नाही आणि फरकाला 9 ने भाग गेला, तर 54 चे 45 कुठे लिहिलेत ते आम्ही आधी बघतो. त्यामागचं कारण हेच. मुख्य गंमत मात्र पुढे आहे. उत्तर ठरतं ते फक्त दोन फरकांवर. पहिला 1 ते 9 मधला, दुसरा पहिल्यापेक्षा कधीच मोठा नाही. अशा जोड्या मोजून 54 च भरतात. म्हणजे 0001 पासून 9998 पर्यंतच्या 9990 संख्या एकाच वजाबाकीत 54 उत्तरांवर येतात. त्या 54 उत्तरांतही बऱ्याच संख्यांत तेच अंक उलटसुलट झालेले असतात. ते एकत्र केले की उरतात 30.

हे तीस एका पानावर मावतात. प्रत्येकाची पुढची वजाबाकी करून बाण काढ. सगळे बाण 6174 कडे जातात. सिद्धता देखणी नाही, पण पक्की आहे. आणि 6174 स्वतः का हलत नाही? 7 − 1 = 6, 6 − 4 = 2, आणि 999 × 6 + 90 × 2 = 6174.

दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर डहाणूचे, जन्म 1905 चा, देवळालीत शाळामास्तर. 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि नाव जगभर गेलं.

6174 च्या अंकांची बेरीज 18. त्या 18 ने भागलं की 343 येतात, म्हणजे 7 × 7 × 7. शिवाय 18 + 18² + 18³ = 6174. हे मला फार आवडतं, पण त्या तीस बाणांशी याचा काही संबंध नाही, हेही ध्यानात ठेव.

दोन अंकी संख्यांना असा थांबा नाही. 09, 81, 63, 27, 45 आणि पुन्हा 09, असं गोल फिरत राहतं. तीन अंकी संख्या 495 वर थांबतात. पाच अंकीत थांबा एकही नाही, चक्रं तीन आहेत. त्यातलं सगळ्यात छोटं दोनच संख्यांचं आहे. ते शोध आणि मला पाठव. कॅल्क्युलेटर चालेल.

तुझा,
बाबा