साखर घालून परत आलेला डबा

ताई, सप्रेम नमस्कार.

आपलं नाव कुठेही यायला नको, असं जाताना तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितेय. आमची फजिती गावभर झाली होती. ती ज्यांनी पाहिली, त्यांनी हेही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आंबोली घाटाच्या पायथ्याला आमची १४ बायकांची छोटी संस्था. डोंगरउतारावरचे रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणि करवंदं यांवर आमचं सगळं चालतं. रातांब्याच्या सालींची आमसुलं, रसात मीठ घालून आगळ, साखरेतलं सरबत आणि बियांच्या तेलाचं घट्ट मुठेल. एप्रिल सरता सरता फळ लाल व्हायला लागतं आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात उभा असतो. मधल्या त्या पाच-सहा आठवड्यांत वर्षाची कमाई करायची. एक वळीव जोरात झाला की झाडाखालचं फळ चिखलात जातं आणि पाटावर वाळत घातलेल्या सालींना बुरशी धरते. दिवसभर रातांबे फोडून बोटं काळी-तांबडी होतात. नखाशी जरा चीर पडलेली असली तर तो आंबट रस असा झोंबतो की रात्री भात कालवतानाही हात आखडतो. हे तुम्ही पाहिलंत. आमच्याबरोबर बसून दोन टोपल्या फोडल्यात, म्हणून तुम्हाला ठाऊक आहे.

तुमच्या आधी बरेच जण येऊन गेले. त्यांची नावं घेत नाही. एका संस्थेनं तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं, बॅनरसमोर उभं करून फोटो काढले आणि जाता जाता सांगितलं, शहरातल्या लोकांना आता गोड नको असतं, सरबतात साखर कमी करा. आमच्या सासवा सालीच्या दुप्पट साखर घालायच्या. आम्ही शिकलेल्या माणसांवर विश्वास ठेवला आणि साखर निम्म्यावर आणली. जूनमध्ये बाटल्या आंबायला लागल्या. रात्री खोलीत झाकणं उडाल्याचे आवाज यायचे आणि सकाळी जमिनीवर लाल ओघळ आणि मुंग्यांच्या रांगा. दुकानदारांना पाठवलेल्या बाटल्या परत आल्या. २०० बाटल्या आम्ही माडांच्या मुळाशी ओतल्या. त्या संस्थेला फोन केला तर उत्तर मिळालं, तुम्ही स्वच्छता पाळली नसेल.

मुठेलाचंही तसंच. दुसरे एक साहेब आले. हे तर सोनं आहे, यातून ओठांना लावायचं मलम करू, मोठ्या कंपन्या रांग लावतील, असं म्हणाले. नमुने हवेत म्हणाले. आम्ही घरोघरचे डबे गोळा केले, कारण मुठेल प्लॅस्टिकच्या पिशवीत देणं आम्हाला बरं दिसेना. सहा डबे भरून दिले. त्यांचं उत्तर आलं नाही, डबेही आले नाहीत. त्यातला एक डबा आमच्यातल्या एकीच्या माहेरून आलेल्या रुखवतातला होता. तिनं तोंडानं काही म्हटलं नाही, पण पुढच्या बैठकीला ती आली नाही.

म्हणून जुलैत तुम्ही एसटीनं उतरलात आणि नमुना मागितलात, तेव्हा कोणी जागचं हललं नाही. तुम्ही तेलातुपाच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलंत हे आम्हाला माहीत नव्हतं. शेवटी आमची आजी उठली आणि तिनं आपलाच डबा आणला. स्टीलचा, कडी तुटलेला, झाकणावर तिच्या नवऱ्याचं नाव आणि गृहप्रवेशाची तारीख कोरलेली. तुम्ही ते नाव वाचलंत, बोटानं त्यावरून हात फिरवलात आणि विचारलंत, "हे तुमचे यजमान का?" आजी हो म्हणाली. तुम्ही डबा पिशवीत उभा राहील असा साडीच्या घडीत ठेवलात.

श्रावणात तुम्ही स्वतः डबा घेऊन आलात. घासून पुसून लख्ख केलेला. तुटलेली कडी बसवून आणलेली. आजीनं झाकण उघडलं तर आत साखर. काठोकाठ भरलेली.

ताई, आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर तांदूळ, दोन मिरच्या, चिमूटभर साखर, घरात जे असेल ते घालून देतात. ही रीत शेजारधर्माची. मदत करायला आलेल्या माणसाशी आमचं असं नातं कधी जुळलंच नव्हतं. आम्ही द्यायचं किंवा आम्ही घ्यायचं, एवढंच. तुम्ही आम्हाला शेजारीण मानलंत. आजी डबा मांडीवर घेऊन बसून राहिली आणि मग म्हणाली, "माणूस आपल्यातला दिसता." त्या दिवशी बैठकीला न येणारी ती बाईसुद्धा दाराशी येऊन उभी राहिली होती, तुम्हाला आठवतं का?

तुमचं सगळं शिकवणं त्यानंतर आम्हाला ऐकू आलं. आधी कानावर पडत होतं, इतकंच.

मुठेलाला वास का येतो, ते तुम्ही आमच्याच पडवीतल्या बिया हातात घेऊन दाखवलंत. आम्ही फळं फोडायच्या घाईत बिया गरासकट कोपऱ्यात लोटत होतो आणि पावसात निवांतपणे कुटू म्हणत होतो. तोवर त्यांना आतून ओल धरायची. गर धुऊन काढा, उन्हात खडखडीत वाळवा, पाऊस यायच्या आत डब्यात बंद करा. मग कुटून, पाण्यात उकळून वर आलेलं तेल काढलं की ते परत मंद आचेवर ठेवून पाण्याचा शेवटचा थेंब उडवा. तेलात पाणी राहिलं की ते कुजवतं, एवढं एकच वाक्य तुम्ही चार वेळा म्हणालात. यंदाचं मुठेल पांढरंस्वच्छ आहे आणि नाकाशी नेलं तरी वास म्हणून नाही.

मलम रवाळ का होतं, तेही कळलं. आम्ही ते झाकून सावकाश निवू देत होतो, त्यामुळे आत कण धरत होते. तुम्ही पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून ढवळायला लावलंत आणि ते लोण्यासारखं झालं. मुठेल मुळात कडक, सुमारे ४० अंशांच्या आसपास वितळणारं, म्हणून आमच्या मे महिन्यातही ते घट्ट राहतं. ज्याला आम्ही टाचांच्या भेगांचं औषध म्हणून कोनाड्यात टाकत होतो, त्याबद्दल तुम्ही सांगितलंत की युरोपात चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय ५ टक्क्यांपर्यंत ज्या सहा वनस्पतींची चरबी चालते, त्यांत आपलं कोकम आहे. आजीला ते तीनदा सांगावं लागलं. मग ती दिवसभर ज्याला त्याला सांगत होती.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो तुमचा नकार. मलम चांगलं जमल्यावर आम्ही ते लगेच जत्रेत मांडायला निघालो होतो. खाण्याच्या वस्तूंची नोंदणी आहे ना आपली, म्हणालो. तुम्ही म्हणालात, अंगाला लावायच्या वस्तूंचा परवाना वेगळा असतो, तो हातात येईपर्यंत एक डबीसुद्धा विकायची नाही. आम्ही हिरमुसलो. त्या आधीच्या साहेबांनी तर सरबताच्या लेबलावर 'वजन घटवते, सांधेदुखी पळवते' असं छापायला सांगितलं होतं. तुम्ही पेन काढून ते खोडलंत आणि खाली लिहिलंत, 'कोकम, साखर, मीठ, जिरे.' जे आत आहे तेच बाहेर लिहायचं. परवाना मिळेपर्यंत आम्ही साधं मुठेल जेवणातलं म्हणूनच विकतोय, आणि त्यालाही गिऱ्हाईक आहे. गोड बोलून खड्ड्यात घालणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहिली. तोंडावर नाही म्हणून पुढे वर्षभर सोबत राहणारं माणूस पहिल्यांदाच पाहिलं.

झाडांचं तर राहिलंच. आमच्या निम्म्या झाडांना फुलं येतात, फळ धरत नाही, आणि आम्ही त्याला कुणाची तरी नजर म्हणत होतो. कोकमात नर झाड वेगळं आणि मादी वेगळं, बी लावलं तर सात-आठ वर्षं वाट पाहून निम्मी नर निघू शकतात, हे आम्हाला इतकी वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे याची भाषणं मात्र ऐकली होती. तुम्ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' या जातीची कलमं लावा म्हणालात. गेल्या पावसाळ्यात २५ लावली. त्यातली तीन गुरांनी खाल्ली, बाकीची जगलीत.

चांगुलपणाबद्दल फार बोलू नये असं तुम्ही म्हणाल. पण मला वाटतं, ज्ञान पुष्कळांकडे असतं, येणारेही पुष्कळ असतात. घेतलेली वस्तू आठवणीनं परत करावी, ती दिली होती त्याहून बरी करून करावी, हे फार थोड्यांना सुचतं. असं माणूस एखाद्या वाडीत येऊन गेलं की तिथल्या बायका एकमेकींशीही जरा बऱ्या वागायला लागतात. आमच्यात गेल्या हंगामात वजनावरून दोन भांडणं झाली होती. यंदा तराजूशी दोघीजणी उभ्या राहतात आणि दोघीही आकडा मोठ्यानं वाचतात. हे तुम्ही शिकवलेलं नाही, पण तुमच्यानंतर सुरू झालं.

यंदाच्या सरबताची एकही बाटली परत आलेली नाही. पहिला पाऊस ५ जूनला झाला आणि त्याच्या आदल्या रात्री शेवटची आमसुलं आत आली होती. आम्ही सगळ्या मिळून ताडपत्री ओढत होतो तेव्हा कोणीतरी म्हणालं, ताईंना कळवायला हवं. म्हणून हे पत्र.

आजीचा तोच डबा गुरुवारच्या एसटीनं पाठवतोय. आत नवी आमसुलं आहेत, त्यावर केळीच्या पानात मुठेलाचा एक गोळा. तो आजीनं स्वतः मुठीत वळलाय, तिच्या बोटांच्या खुणा दिसतील. बरोबर आगळाची एक बाटली आहे. तिचं झाकण घट्ट बसवलंय, तरी घरी नेताना उभीच धरा.

तुमची,
संस्थेची सचिव, आणि बाकीच्या १३ जणी